कबाचोकचा केक

माझ्या रक्तात साखर निघाली त्या वर्षी मी भिलाईला गेलो. ऑफिसात सांगितलं, पोलादाचा कारखाना बघायचा आहे. बायकोला सांगितलं, ताईला भेटून फार दिवस झाले. दोन्ही खरं होतं. पण आमच्या साताऱ्याच्या घरात गूळसुद्धा कुलपात गेला होता आणि ताईच्या घरी कुलपं नव्हती, हे जास्त खरं होतं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण कुसुम. वडिलांची नोकरी नागपूरला असताना तिचं लग्न भंडाऱ्याकडच्या नामदेवरावांशी झालं. दाजी शेतकऱ्याच्या घरातले. भिलाईच्या कारखान्यात लागले आणि रोलिंग मिलमध्ये फोरमनपर्यंत चढले. आमच्याकडे मात्र त्यांची ओळख हुद्द्यावरून नव्हती, जेवणावरून होती. माझ्या लग्नात त्यांनी जिलब्यांची परात अशी काही संपवली की आचारी हात पुसत बाहेर आला आणि त्यांना डोळे भरून पाहून गेला. अशा माणसाच्या घरी माझं पथ्य कोण पाळायला लावणार?

पुण्याहून कल्याण, आणि कल्याणहून हावड्याकडे जाणारी गाडी. डिसेंबर होता. वर्ध्यापर्यंत कापसाच्या गाड्या दिसत होत्या. गोंदिया सोडलं तशी झाडी दाट झाली, दरेकसाच्या बोगद्यातून गाडी निघाली आणि डोंगरगडाची टेकडी आली. तिथून पुढे मध्य प्रदेश. कापलेल्या धानाची पिवळी शेतं आणि तळ्यांमागून तळी. समोर बसलेले गोंदियाचे एक गृहस्थ म्हणाले, ‘‘भिलाईले चालले? कावून (का बरं)?’’ बहीण असते म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. भिलाईत प्रत्येकाचं कोणी ना कोणी असतंच, असं त्यांचं मत पडलं.

दुर्गला दाजी उभे होते. मी त्यांना पटकन ओळखलंच नाही. अंगातला सदरा त्यांना मोठा झाला होता आणि हातात काठी होती. मी काठीकडे पाहिलं तसे ते म्हणाले, ‘‘पाय मुरगळला होता. चला साळेबुवा, तुमची ताई वाट पाहून राहिली.’’ ऑटोत बसलो. भिलाई जवळ आली तेव्हा संध्याकाळ होत होती आणि एका बाजूचं आकाश नारिंगी झालं होतं. मी सूर्यास्ताचं कौतुक केलं. दाजींनी मला सूर्य दुसऱ्या बाजूला मावळताना दाखवला. हा उजेड कारखान्याचा होता.

ताईचं क्वार्टर एका सेक्टरमध्ये, रुंद रस्त्याच्या कडेला, पुढे कडुनिंब आणि मागे बाडी (परसबाग). चहाबरोबर तिने एक तपकिरी वडी पुढे केली. त्यात हिरवे धागे होते. मी विचारलं, हे काय? ताई म्हणाली, केक. मी खाल्ला. वाईट नव्हता. गोड आहे असं वाटायचं आणि नीट लक्ष द्यावं तर तो गोडवा तिथून निघून गेलेला असायचा.

मग बाडी दाखवण्याचा कार्यक्रम झाला. भाटा (वांगी), पताल (टोमॅटो) आणि या सगळ्यांना दाबून पसरलेली, मोठ्या खरखरीत पानांची झाडं. पानांखाली गडद हिरवी, काकडीच्या मोठ्या भावासारखी दिसणारी फळं लोळत होती. कारखान्यात आलेल्या एका रशियन इंजिनिअरची बायको, गालिनाबाई, शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची. तिने मायदेशाहून आणलेलं बी ताईच्या बाडीत लावलं. ती या फळाला कबाचोक म्हणायची. इंग्रजीत त्यालाच झुकिनी म्हणतात, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी पुण्याच्या मंडईत कळलं. गालिनाबाईला मराठी येत नव्हती, ताईला रशियन येत नव्हती. दोघींनी ओट्यापाशी उभं राहून हातवाऱ्यांवर केक शिकून घेतला. गालिनाबाई मायदेशी परत गेली. कबाचोक राहिला.

तो राहिला म्हणजे काय, हे मला चार दिवसांत समजलं. सकाळी कबाचोकचं थालीपीठ, दुपारी कबाचोकची भाजी, चार वाजता केक. एकदा खीर झाली. सांजा झाला. गोडाचं जे नाव घ्यावं ते ताटात यायचं, पण साखर नाही, मैदा नाही, डालडा नाही. कणीक, भिजवून वाटलेला थोडा खजूर, दही, वेलदोडा आणि किसलेला कबाचोक. वर चारोळी, कारण ती तिकडच्या जंगलातली आणि मुबलक. कुरुदहून टोपली घेऊन येणारी भाजीवाली फाटकातून डोकावून हसायची आणि म्हणायची, ‘‘ए दे, रसियन तुमा फेर फर गे’’ (बघा, रशियन दुधी पुन्हा फळला). तिच्याशी ताईचा सौदा उलटा चाले. ताई तिला भाजी द्यायला बघायची आणि ती घ्यायला नकार द्यायची.

एका रविवारी आम्ही हुडको वसाहतीत दाजींचे मित्र सहारे यांच्याकडे गेलो. ताईने केक बांधून घेतला होता. सहारेवहिनींनी तो दोन्ही हातांनी घेतला, फार कौतुक केलं आणि आतल्या कपाटात ठेवायला गेल्या. कपाट उघडलं तेव्हा मागच्या भेटीतला कागद मला दिसला. बांधलेला दोराही तसाच होता. त्यांच्या मुलीने आम्हाला नमस्कार करून विचारलं, ‘‘काकू, वो हरा वाला केक लाए क्या?’’ आणि हो म्हटल्यावर तिला एकदम अभ्यास आठवला. दाजी छताकडे पाहत बसले होते. हसू आवरायला त्यांना तेवढीच जागा होती.

परत येताना माझा निश्चय झाला. दुसऱ्या दिवशी किसणी बोथट झाली आहे असं मी ताईला पटवलं आणि नवी आणायला पावर हाउसच्या बाजारात निघालो. दाजी सोबत आले. ताईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पिशवी दिली.

पावर हाउसचा बाजार म्हणजे स्टेशनापासूनच सुरू होणारी गर्दी. बसवाले रायपूर-रायपूर ओरडतात, हातगाडीवर संत्र्यांचे ढीग, फोडलेल्या लाकडी पेट्यांच्या फळ्या रस्त्यातच पडलेल्या. किसणी लगेच मिळाली. त्यानंतर माझे पाय आपोआप एका मिठाईच्या दुकानाशी थांबले. कढईत जिलबी फिरत होती. मी पावकिलो मागवली. दाजींनी बिनसाखरेचा चहा सांगितला.

मी त्यांना आग्रह केला. एका जिलबीने काय होतंय, असं म्हणालो. त्यांच्या परातीची आठवण काढली. ताईला सांगणार नाही, असंही म्हटलं. दाजी हसून चहा पीत राहिले. मी खात होतो आणि ते माझ्याकडे, एखाद्याने आपल्या गावाला निघालेल्या बसकडे बघावं तसं बघत होते. मला ते मजेचं वाटलं.

उठून पायरी उतरताना मला फरशीवर लाल ठसे दिसले. पानाची पिंक असेल असं वाटलं. पण ठसे आमच्या टेबलापासून निघत होते आणि दाजी पाऊल उचलतील तिथे नवा उमटत होता.

मी त्यांना बाकावर बसवलं. त्यांच्या कॅनव्हासच्या बुटाच्या तळात पेटीच्या फळीचा खिळा घुसला होता, फळीचा तुकडा तसाच लोंबत होता. रस्त्यात कधीतरी पाय पडला असणार. ते त्यावर चालत आले होते, बसले होते, चहा प्यायले होते. मी खिळ्यासकट बूट ओढून काढला, मोजा काढला. पायाची दोन बोटं नव्हती. जुनी, भरलेली जखम होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कधीचंच गेलेलं होतं.

दाजी म्हणाले, ‘‘घाबरू नका. मले काही वाटून नाही राहिलं.’’

‘‘दुखत नाही?’’

‘‘दुखलं असतं त मी थांबलो असतो ना. तेव्हाही नाही दुखलं. बुटात खडा होता, आठ तास ड्युटी केली त्याच्यावर.’’ मग त्यांनी माझ्या जिलबीच्या कागदाकडे पाहिलं. पाकाने तो पारदर्शक झाला होता. ‘‘तुमच्या ताईनं सांगू नका म्हटलं होतं घरी. तुमच्या आईच्या जिवाले घोर लागन म्हणे. आता पाहिलं त पाहिलं.’’

ऑटो करून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं. माझ्याशी ते व्हरांड्यात बोलले. साखर ताब्यात आहे म्हणून आशा आहे. जखम कोरडी पडली तर बरं, चिघळली तर या वेळी बोटांवर भागणार नाही. कारखाना बघण्याचा माझा पास दुसऱ्या दिवसाचा होता. तो दिवस मी दाजींची पट्टी बदलण्यासाठी त्याच व्हरांड्यात घालवला.

खिळा लागला त्या दिवशी घरी परतताना, ताईला सांगायचं कसं याची मी ऑटोभर तयारी केली होती. तिने पट्टी पाहिली, मला पाहिलं आणि विचारलं, ‘‘किसणी आणलीस?’’ मी दिली. ती पाटावर बसून किसायला लागली. मग खाली बघतच म्हणाली, ‘‘बोटं कापली तेव्हा हे महिनाभर जेवायला बसले नाहीत माझ्यासमोर. म्हणायचे, काय खाऊ आता, मी खाण्यासाठीच जगलो. गोड काहीतरी त्यांच्या ताटात पडायलाच पाहिजे होतं रे. लोक हसतात ते दिसतं मला.’’

किसणीचा आवाज चालू राहिला. मी तिच्यासमोर बसलो आणि दुसरा कबाचोक घेतला.

मी रजा वाढवली. रोज सकाळी दाजींची पट्टी बदलायला दवाखान्यात, आणि दुपारी ओट्यापाशी. माझ्या हातचा पहिला केक फसला. कबाचोकला मीठ लावून पाणी सुटू द्यायचं आणि किस घट्ट पिळायचा, हे मी ऐकलं होतं पण पिळताना दया दाखवली. झाकणाला काच असलेल्या ताईच्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये आम्ही तिघंही डोकावत बसलो. भिलाईत वीज जात नाही याचा दाजींना अभिमान होता. त्या दिवशी मला ती जावीशी वाटली. केक म्हणून जे बाहेर आलं ते वाटीत घेऊन चमच्याने खावं लागलं. दाजींनी ते खाल्लं आणि गंभीरपणे सांगितलं की मिलमध्ये असा माल निघाला तर शिफ्ट थांबवतात. मग ते हसायला लागले. पोट हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ताई ओट्याला टेकून त्यांच्याकडे बघत उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे हसू या घरात बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

दुसरा केक उभा राहिला. थोडा कडेला करपला, पण कापता आला. ताईने त्यातला दोन बोटं रुंद तुकडा दाजींच्या बशीत ठेवला. तेवढीच परवानगी होती. दाजी तो फार हळू खात. मी त्यांना कधी हळू खाताना पाहिलं नव्हतं. प्रत्येक घासानंतर थांबून ते वेलदोडा ओळखायचे, चारोळी शोधायचे. मीही तसा खाऊन पाहिला. निसटून जाणारा तो गोडवा तोंडात जरा वेळ थांबला.

संध्याकाळी ताई बॅटरी घेऊन बसायची. दाजींचा पाय मांडीवर घेऊन ती टाच, तळवा, बोटांमधली प्रत्येक फट बघायची. दाजी तोवर रेडिओवर बातम्या ऐकायचे. दोघांपैकी कोणी त्याबद्दल बोलत नसे. जसं दाराला कडी लावतात, दिवा लावतात, तसं ते होतं.

डॉक्टरांनी शेवटी पट्टी सोडून बोटाने दाबून पाहिलं आणि जखम भरते आहे म्हणाले. ताईने त्यांच्या टेबलावर कागदात बांधलेला केक ठेवला. त्यांनी तो आमच्यासमोर उघडून खाल्ला, संपवला आणि आणखी आहे का विचारलं. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, ‘‘पाय (बघ), शिकलेला माणूस आहे.’’ ताईने त्यांना कोपर मारलं. पण घरापर्यंत तिची मान ताठ होती.

निघताना दुर्गच्या फलाटावर दाजींनी मला पोटाशी धरलं. म्हणाले, ‘‘साळेबुवा, तुम्हाले अजून दुखते ना? मंग चांगलं आहे.’’ गाडी हलली. ताई खिडकीबरोबर थोडी चालली. आईला काय सांगायचं ते तिने सांगितलं नाही, आणि काय सांगायचं नाही तेही या वेळी सांगितलं नाही.

साताऱ्याला कबाचोक कुठून येणार? मी दुधी किसला आणि घट्ट पिळला. मुलांनी केक खाल्ला आणि हा खाऊ आहे की औषध, असं विचारलं. बायकोने दुसरा तुकडा घेतला, पण कौतुकाचं काही बोलली नाही. तिला बहुतेक यामागे माझा काही डाव वाटत होता.

त्या संध्याकाळी पाय धुऊन मी पडवीत बसलो, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेतला आणि बॅटरी मागितली. इतक्या वर्षांत मी माझा तळवा कधी नीट पाहिला नव्हता. टाचेला एक बारीक चीर होती, ती कधी पडली ते मला माहीत नव्हतं.

बायको दारात आली. ‘‘काय हरवलं?’’

‘‘अजून काही नाही,’’ मी म्हणालो.

ती खाली बसली, माझा पाय आपल्याकडे ओढला आणि हातातली बॅटरी काढून घेतली.