भैरोबाच्या वेबसाइटची किल्ली

देवघरातली मोठी समई मी चिंच लावून घासत बसले होते. दांडा उजळला होता, वरचं तबक अजून काळंच होतं. यात्रा तोंडावर आलेली, म्हणून अंगणातल्या दगडाशीच बसले होते. तोंडानं नाम चालू होतं. तेवढ्यात फाटकावर लाथ बसली आणि कडी उडून माझ्या पायाशी येऊन पडली.

आत आला तो बाळासो, माझ्या धाकट्या जावेचा, क्रांतीचा, सख्खा भाऊ. मागं त्याचा चुलतभाऊ गुंडा, हातात पहार. आमच्या गावात वरची आळी आणि खालची आळी आहे. आम्ही वरचे. क्रांती खालच्या आळीची लेक आणि वरच्या आळीची सून. माहेर आणि सासर यांच्यामध्ये भैरोबाचं देऊळ आणि एक गटार, एवढंच अंतर. त्यामुळं दोन्हीकडचा राग तिच्या अंगणातनंच ये-जा करतो.

"कुटं हाय तुजा नवरा?" बाळासो म्हणाला. क्रांती लॅपटॉप मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. तिनं मान वर केली नाही. "बागंत हाय. आन फाटकाची कडी लावून दे आधी," एवढंच बोलली.

क्रांतीचा हात आधी उठतो आणि बोलणं मागनं येतं, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. लग्नाच्या वरातीत तिच्या मैत्रिणीचा पदर ओढणाऱ्याला तिनं हळदीच्या अंगानं मुस्काडलं होतं, त्याचा एक दात गेला. गोठ्यात घोणस निघाली तर बापय माणसं काठी शोधत राहिली, हिनं फावड्यानं दोन तुकडे केले आणि हात धुऊन भाकरी थापायला बसली. पण तीच बाई कॉम्प्युटरपुढं बसली की माझ्या जपमाळेसारखी शांत. सांगलीला शिकली, तिथंच वेबसाइट करणाऱ्या एका ऑफिसात होती. लग्नानंतर घरूनच करते. रेंज गच्चीवर असते, म्हणून मिरच्या वाळवायला गेलेली बाई तासभर खाली येत नाही.

गावची अर्धी घरं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला मद्रासकडं, दिल्लीकडं पांगलेली. यात्रा कधी, पालखी कुठल्या वाटेनं, हे सगळं त्यांना वेबसाइटवर बघायचं असतं. जुनी वेबसाइट शहरातल्या कुणा एकानं स्वतःच्या कुलुपात करून दिली होती. तो फोन उचलेनासा झाला आणि आमचा भैरोबा त्याच्याकडंच अडकला. मग यात्रा कमिटीनं, म्हणजे आमच्या ह्यांनी, हंबीररावांनी, क्रांतीला सांगितलं की नवीन कर.

तिनं घाई केली नाही. फुकट मिळणारी, ओपन सोर्स म्हणतात तशी, तीन अवजारं घेतली: ड्रुपल, जुमला आणि वर्डप्रेस. तिन्हींवर एकेक खोटी यात्रा मांडून बघितली. ओपन सोर्स म्हणजे काय ते मला विचारल्याशिवाय राहवेना. ती म्हणाली, "अक्का, आरतीगत असतंय. कुणीबी म्हणावी, कुणीबी शिकावी, कुणाला नवं कडवं सुचलं तर जोडावं. चाल कशी बांधलीया ते झाकून ठेवत न्हाईत. ज्यानं केलं त्यो मेला तरी आरती ऱ्हाती." मला पटलं. ड्रुपल तिच्या मते सगळ्यात भक्कम, पण सांभाळायला जाणता माणूस कायमचा हवा. जुमला मधलं. वर्डप्रेस साधं, आटपाडीत हाक मारली तरी येणारा कुणीतरी सापडेल. "उद्या मला साप चावला तर गावाचं अडाया नको," म्हणून तिनं ते घेतलं. रोज साइटची एक प्रत दुसरीकडं ठेवायची आणि दिसेल ती जोडणी, प्लगइन म्हणतात ती, उचलून आत घालायची नाही, हे दोन नेम तिनं एकादशीसारखे पाळले.

चूक झाली ती माणसांत. त्या वेबसाइटला एक प्रशासक असतो, त्याच्या हातात सगळं. त्याच्याखाली संपादक, तो पानं लिहितो, बदलतो, पण कुणाला काढू शकत नाही. क्रांतीला एकच प्रशासक ठेवायचा होता. देवळात बैठक झाली तशी दोन्ही आळ्या उसळल्या. आमच्याकडं भैरोबाच्या दागिन्यांच्या पेटीला पूर्वापार दोन कुलपं आहेत, एकेका आळीकडं एकेक किल्ली. कमी मानाचा शब्द इथं कुणी घेत नाही. माझा दीर ऋषिराज, म्हणजे क्रांतीचा नवरा, म्हणाला आमी संपादक व्हनार न्हाई. बाळासो म्हणाला मग आमी काय देवळाचे झाडूवाले? शेवटी क्रांतीनं दोघांनाही प्रशासक केलं. पेटीला दोन कुलपं असतात, म्हणून इथंही दोन किल्ल्या, असा तिचा हिशेब. पण पेटी दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही, आणि वेबसाइट एकाच किल्लीनं सगळी उघडत होती. हे तिच्या ध्यानात यायला रक्त सांडावं लागलं.

मानाच्या पानावर, पालखीपुढं कुणाची काठी आधी नाचते ते सांगणाऱ्या, वरच्या आळीची सासनकाठी पहिली लिहिली होती. बाळासोनं ती दुसरी केली. ऋषिराजनं पुन्हा पहिली केली आणि बाळासोचं खातंच पुसलं. बाळासोनं आधीच गुंडाच्या नावानं आणखी एक प्रशासक करून ठेवला होता. त्यातनं शिरून त्यानं सगळं पुसलं. पानं गेली, उत्सवाचे फोटो गेले, साइटवरची कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. मद्रासहून फोन यायला लागले की देव कुठं गेला.

आणि आता तो आमच्या अंगणात उभा होता. आत येताना त्याच्या तोंडावर जिंकल्याचा माज होता. "सांग त्याला, आता पयली काठी लावून दाखव म्हणावं."

ऋषिराज डाळिंबाच्या बागेतनं तेव्हाच परत आला. फाटक मोडलेलं त्यानं बघितलं. हातातला कोयता त्यानं खाली ठेवला नाही. बाळासो त्याला म्हणाला, "आली बगा वरच्या आळीची दुसरी काठी." एवढ्यावर सगळं फुटलं.

गुंडानं पहार फिरवली ती तुळशीच्या कट्ट्यावर बसली, वीट उडाली. ऋषिराजनं त्याच्या पोटात लाथ घातली, तो उलटा पाणी तापवायच्या पेटत्या चुलवणावर पडला आणि पाठ भाजून ओरडत सुटला. बाळासोनं ऋषिराजची गचांडी धरून त्याचं डोकं पाण्याच्या टाकीवर आपटलं. दोनदा. मग कोयता चमकला आणि बाळासोचा कान अर्धा लोंबायला लागला. मानेवरनं रक्त सदऱ्यात उतरलं. तो गुडघ्यावर बसला. मी समई उराशी धरून देवाचं नाव घेत होते. ऋषिराजनं कोयता पुन्हा उचलला, आता मानेच्या रोखानं. त्याच्या डोळ्यांत ओळख राहिली नव्हती.

माझ्या हातातली समई गेली, एवढंच मला कळलं. क्रांतीनं ती दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि नवऱ्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेल्या शेवरीच्या काठीसारखा. कोयता पडला. तो तिच्याकडं वळला, डाव्या हातानं तिच्या केसांना हात घातला, तर तिनं समई पुन्हा उचलली.

"सोड," ती म्हणाली. "न्हाईतर दुसरंबी मोडीन. मग मीच भरवीन तुला."

त्यानं सोडलं. केसांचा झुबका त्याच्या मुठीत राहिला.

पोलीस आले तेव्हा दोन्ही आळ्या अंगणात होत्या. वरच्यांना मनगटाची केस खालच्यांवर घालायची होती, खालच्यांना कानाची वरच्यांवर. हवालदारानं विचारलं, मनगट कुणी मोडलं. क्रांती पुढं झाली. "मी मोडलंय. नवरा हाय माजा. ह्यात खालच्या आळीचं नाव घालू नका." मग भावाकडं वळली. बायका त्याच्या कानाला फडकं बांधत होत्या. "आन तू कानाची तक्रार लिवनार आसशील तर आदी देव कुनी पुसला ते लिव." बाळासोनं हवालदाराला हातानंच नको म्हणून खूण केली. पाठीमागनं कुणीतरी म्हणालं की ही ना माहेरची ना सासरची. ती म्हणाली, व्हय.

वेबसाइट तिनं त्याच दिवशी परत उभी केली. ठेवलेली प्रत होती, ती उलगडली. केस सुटलेले, बाहीवर भावाचं रक्त वाळलेलं, बोटं चालू. मी तिला चहा दिला, तो तिनं एका घोटात संपवला. मग म्हणाली, "अक्का, ती पेटी परत एकदा सांगा मला. किल्ल्या कशा लावत्यात?" मी सांगितलं. एकानं डावी, एकानं उजवी, आणि दोघांनी मिळून झाकण उचलायचं.

आता प्रशासक एकच आहे, त्याचं नाव भैरोबा. दोन्ही आळ्या संपादक, आणि देवाखाली असण्यात कुणाचा मान जात नाही. भैरोबाच्या परवलीच्या शब्दाचा पहिला तुकडा ऋषिराजला ठाऊक, उरलेला बाळासोला. विसरला तर नवा शब्द ज्या मेलवर येतो, त्या मेलचा परवलीचा शब्दसुद्धा तसाच दोन तुकड्यांचा. साइट अद्ययावत करायची, मानाचं पान बदलायचं किंवा काही पुसायचं असलं की दोघांनी देवळात एका लॅपटॉपपुढं बसायचं, एकानं टाइप करताना दुसऱ्यानं तोंड फिरवायचं.

काल दोघं पहिल्यांदा बसले. ऋषिराजनं प्लास्टरमधल्या हाताच्या बोटांनी एकेक अक्षर दाबलं. बाळासोच्या डोक्याला पट्टी, तो भिंतीकडं बघत होता. मध्ये क्रांती, मांडीजवळ माझी समई. ती तिथं कशाला आणली होती ते दोघांनाही कळत होतं. बाळासोची पाळी आली तेव्हा त्याचा हात थांबला. ऋषिराज त्याच्याकडं न बघता म्हणाला, "दाब की गड्या. लय दुखतंय मला." बाळासोनं दाबलं. साइट उघडली. मानाच्या पानावर क्रांतीनं दोन्ही काठ्या एकाच ओळीत लिहिल्या होत्या. त्यावरनं आत्ताच दोन्ही आळ्यांत पुटपुट चालू आहे, आणि यात्रेत पहार पुन्हा निघणारच नाही असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

घरी येऊन मी समईचं काळं राहिलेलं तबक घासायला घेतलं. दांडा वाकलाय, सरळ उभी राहत नाही. देवापुढं तशी लावता येणार नाही.

उद्या सकाळच्या गाडीनं क्रांती समई घेऊन औंधला तांबटाकडं जाणार आहे, दांडा सरळ करून आणायला.