सेल्टिक पंक आणि ढोलाचा हुकलेला ठोका

पंचेचाळिशीत व्हायोलिन हाती धरलेल्या माणसाने एखाद्या बँडच्या वाटचालीविषयी लिहावे, याचा मला आजही संकोच वाटतो. परंतु आमच्याविषयी लिहिणारे दुसरे कोणी नाही.

आम्ही सेल्टिक पंक वाजवत असू: आयर्लंडच्या लोकधुना, कर्कश गिटार आणि अंगावर धावून येणारी लय. गायक वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होता. पाळीच्या बसची, पाण्याच्या रांगेची गाणी तो स्वतः रचून ओरडून गाई. ढोल वाजवणारा सोयगावकडच्या मेंढपाळ कुटुंबातला. भंडारा वाहिल्याशिवाय तो ढोलाला हात लावत नसे. त्या परक्या धुनांच्या सहा मात्रा त्याच्या ढोलावर अशा बसल्या, की माझे कच्चे व्हायोलिनही त्यांच्या आधाराने निभावून जाई. पट्टा खांद्यावर सरकवताना त्याचा एखादा ठोका हुके. आम्ही गालात हसून त्या जागेची वाट पाहत असू.

ते दुष्काळाचे वर्ष होते. शहराबाहेर माळावर उठणाऱ्या एका वसाहतीच्या उद्घाटनाची सुपारी गायकाने घेतली. शेवटच्या गाण्याला व्यासपीठालगत दोन टँकर लागले आणि नाचणाऱ्यांवर नळ्यांतून पाऊस पडू लागला. पिण्याच्या पाण्याचा बुटांखाली चिखल होत होता.

ढोलवाल्याने ढोल उतरवला. गायक त्याच्या कानाशी वाकला. "दादा, वाजव की. पुढचे समदे कार्यक्रम याच्यावरच हायेत."

"माझी माय टँकरमागं घागर घेऊन पळती," तो शांतपणे म्हणाला. "इथं मी नाय वाजवणार."

ढोल घोंगडीत गुंडाळून तो निघून गेला. पुढच्या सरावाला गायकाने लॅपटॉप आणला. जुन्या सरावात टिपलेला ढोल त्यातून वाजू लागला.

"माणूस गेला, आवाज तर हाय ना," तो मला म्हणाला. "सर, तुमचं व्हायोलिन पण भरून ठेवू. झंझटच नाय."

मी नकार दिला आणि व्हायोलिन पेटीत ठेवले. माझ्या जाण्याने त्यांचे काही अडले नाही. बँड मोठा झाला, अंगावर हिरवे सदरे आले, पाण्याच्या रांगेचे गाणे गळाले.

अलीकडे एका मॉलपुढे त्यांचे वादन कानी पडले. ढोल त्याचाच होता. पट्टा सरकवतानाचा हुकलेला ठोकाही होता, आता प्रत्येक फेरीत, ठरल्या जागी. त्या रिकाम्या जागेत लोक टाळी वाजवत होते. मला ऐकवेना, मी रस्ता ओलांडला. पलीकडेही तो ऐकू येतच होता.