संशयी मामा आणि माझं कॉलेज

"हे गेले गं…" मनमाडहून मामीचा फोन आला, तेव्हा मी रडले नाही. "कोणी तपासलं? ईसीजी काढला का?" असं विचारत सुटले. ते प्रश्न दत्तूमामाचेच, हे मागाहून लक्षात आलं.

मामा रेल्वेत गार्ड होता. दूधवाल्यापासून जावयापर्यंत कुणावरच त्याचा चटकन विश्वास बसत नसे. मला मेडिकलला प्रवेश मिळाला, तेव्हा कॉलेजचे दोन कॅम्पस होते : नाशकातला नवा, चकचकीत, आणि घोटीजवळचा जुना. आमचं घर नाशकातच, द्वारका चौकाजवळ; पोरगी डोळ्यांसमोर राहील म्हणून बाबांनी नाशिक ठरवूनच टाकलं. मामाला मात्र तिथला माहिती देणारा गोडबोल्या माणूस खटकला. "वॉर्डाचं नाव काढलं की विषय बदलतो तो. का?" मग न सांगता आम्ही दोघं थेट वॉर्डात शिरलो. खाटा भरलेल्या, चादरी कोऱ्या करकरीत… पण कुणी कण्हत नव्हतं, एकही सलाइन लटकत नव्हतं. मामा एका खाटेवर टेकला. "काय होतंय, दादा?" "काय नाय हो. कालेज तपासायला सायेब येणार हायेत म्हणं, तवर झोपून राहायचं. जेवण लय चांगलं हाय." मामा बाहेर येऊन एवढंच म्हणाला, "इथं तू बरं कुणाला करणार?"

घोटीला भिंतींना ओल होती आणि रांग थेट फाटकापर्यंत. तिथेही तो प्रत्येकाला खोदून विचारत फिरला. शेवटी एक म्हातारी खेकसली, "पोटात कळा येत्यात मला, चौकशा कसल्या करतो रे!" मामा मनापासून हसला. "हे दुखणं खरं आहे. इथेच शिक." बाबांनी कितीतरी दिवस त्याच्याशी अबोला धरला, पण मी घोटीलाच शिकले, डॉक्टर झाले.

त्याच संशयाने शेवटी त्याचा घात केला. छातीत दुखायला लागल्यावर मनमाडच्या डॉक्टरांनी नाशिकला जायला सांगितलं, तर "यांचं मोठ्या हॉस्पिटलांशी साटंलोटं असतं" म्हणून तो गेलाच नाही. मलाही कळवलं नाही… मीही डॉक्टर झाले, म्हणून माझ्यावरही संशय?

परवा धीर करून मामीला विचारलं. तिने त्याचा औषधांचा डबा पुढ्यात ठेवला. मनमाडच्या गोळ्यांची पाकिटं फोडलेलीसुद्धा नव्हती. मी दिलेल्या बीपीच्या गोळ्यांच्या पट्ट्या मात्र सगळ्या रिकाम्या, रबर लावून जपलेल्या.

"तुला सांगितलं असतं, तर तू जा म्हणाली असतीस," मामी म्हणाली, "आणि तुझं त्यांना ऐकावंच लागलं असतं."