रेडिएटरमधली हळद

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे त्या दिवसांत मी संध्याकाळी घरी आलो की बायको आधी चहा द्यायची आणि मग विचारायची, "आज कोणावर ओरडून आलास?" बहुतेक वेळा मी गॅरेजवाल्यावर ओरडून आलेला असायचो.

गाडी सतरा वर्षांची. डोंबिवलीहून घोडबंदर रोडला ऑफिसला जायला आठवड्यातले चार दिवस मी तीच काढायचो. माणकोलीचा पूल झाल्यापासून अर्धा रस्ता सुखाचा झाला होता, पण माजिवड्याला अडकायचं ते अडकायचंच. तिथेच एका सोमवारी, उड्डाणपुलाच्या चढावर, इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला. मी गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं. कूलंटची प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरलेली होती. अर्धा तास थांबलो, फडक्याने धरून रेडिएटरचं झाकण काढलं, तर आत पाणी तळाला गेलेलं. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि प्यायच्या पाण्याची बाटली रेडिएटरमध्ये ओतून कसाबसा ऑफिसला पोचलो.

घरी येऊन बाबांना सांगितलं. गाडीचं विचारावं असं आमच्याकडे तेच एक माणूस. तीस वर्षं त्यांनी एका कंपनीच्या साहेबांची गाडी चालवली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मी त्यांच्या हातातलं स्टिअरिंग काढून घेतलं, तेव्हा ते आठवडाभर माझ्याशी धड बोलले नव्हते. पण सकाळची गाडी त्यांचीच राहिली. रोज सहाला पिवळं फडकं खांद्यावर टाकून ते खाली जायचे, ऑइल बघायचे, रेडिएटरचं पाणी बघायचे, टायर दाबून बघायचे आणि सगळी गाडी, बॉनेटच्या आतसुद्धा, पुसून वर यायचे.

"बारीक भोक असेल कुठेतरी," बाबा म्हणाले. "बघतो मी."

ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला बरं वाटलं. बरं वाटण्याचं कारण गाडी नव्हतं. माझी मोठी बहीण आंबिवलीला राहते, आणि गेले काही महिने ती फोनवर एकच धोशा लावून बसली होती. "अरे, काल एका फोनमध्ये त्यांनी मला तीनदा विचारलं, जेवलीस का म्हणून. कुणाला तरी दाखव ना त्यांना." मी तिला उडवून लावायचो. जो माणूस रोज सहाच्या ठोक्याला डिपस्टिक काढून, पुसून, परत घालून, परत काढून ऑइल बघतो, त्याचं डोकं जातंय हे मी मानायला तयार नव्हतो. त्याच आठवड्यात ते न्हाव्याकडे दोनदा गेले होते. बायकोला एकदा माझ्या आईच्या नावाने हाक मारली होती, आणि आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. ते सगळं मी वयावर ढकललं. बाबा गाडीचं बघतायत तोवर बाबा ठीक आहेत, असं मी बहिणीला सांगायचो आणि स्वतःलाही तेच सांगायचो.

मग शोध सुरू झाला. मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली सरकवला आणि सकाळी गुडघ्यावर बसून पाहिला. कोरडा ठणठणीत. पुढच्या सीटखालचं मॅटिंग हाताने चाचपलं, ओलं नाही. रेडिएटरचे रबरी होस दाबून पाहिले, सायलेन्सरमागे उभं राहून धूर पांढरा येतोय का पाहिलं. इंटरनेटवर जेवढे व्हिडिओ सापडले तेवढे पाहिले आणि दर वेळी वेगळ्या रोगाची भीती घेऊन उठलो. दर चार दिवसांनी रेडिएटर अर्धा रिकामा व्हायचा आणि जमिनीवर एक थेंब दिसायचा नाही.

कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गाडी दाखवली. तिथला मेकॅनिक जवळच्याच गावचा. त्याने रेडिएटरचं झाकण काढून त्या जागी हातपंप बसवला, हवा भरली, आणि आम्ही दोघं त्या पंपाच्या काट्याकडे बघत बसलो. अर्ध्या तासात काटा जागचा हलला नाही.

"प्रेशर धरून हाय बघा. बाहेर कुठं लीक नाय," तो म्हणाला. "म्हंजे पाणी आत जातंय. हेड खोलायला लागंल."

हेड खोलणं म्हणजे निम्मं इंजिन उघडणं. मी त्याला म्हणालो की तुम्हा लोकांना लीक सापडलं नाही की इंजिनच खोलायचं सुचतं. त्याने पंप काढला, झाकण घट्ट बसवलं आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. पुढे मला कळलं की त्याच्या तपासणीत काहीच चूक नव्हती. त्याने झाकण काढूनच तपासणी केली होती, एवढंच.

दोन महिने असेच गेले. काटा चढला की माझं डोकं चढायचं. ऑफिसात चिडायचो, सिग्नलला चिडायचो, बहिणीचा फोन आला की उचलायचो नाही. बाबांना रोज विचारायचो, "पाणी पाहिलंत का?" आणि बाबा रोज म्हणायचे, "पाहिलं. बरोबर आहे." रेडिएटर अर्धा असताना ते बरोबर आहे म्हणायचे, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शेवटी ऑफिसातल्या कुणीतरी ठाण्यात कोलशेतच्या बाजूला एक म्हातारा मेकॅनिक सांगितला. त्याने झाकण उघडून आत बोट घातलं. बोटावर घट्ट, पिवळा लगदा आला. कूलंटमध्ये ऑइल मिसळलं की असाच लगदा होतो, हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. म्हणजे हेडच गेलं. म्हाताऱ्याने लगदा दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि हसायला लागला.

"तेल नाही हो हे. वास घ्या."

हळद होती.

"ड्रायव्हर कोण आहे तुमचा? जुना माणूस दिसतो," तो म्हणाला. पूर्वी वाटेत रेडिएटरला बारीक भोक पडलं की ड्रायव्हर लोक चिमूटभर हळद टाकायचे; ती भिजून भोकात बसायची आणि गाडी गॅरेजपर्यंत पोचायची. मी छाती फुगवून सांगितलं की माझे वडील आहेत, तीस वर्षं गाडी चालवलीय. मला खरंच अभिमान वाटला. बहिणीला हे सांगायचं, असंही मनात येऊन गेलं.

मग त्याने रेडिएटरला पाण्याचा पाइप लावला. खालून पिवळं पाणी यायला लागलं आणि येतच राहिलं. गटारापर्यंत पिवळा ओघळ गेला. म्हातारा आता हसत नव्हता.

"चिमूटभर टाकतात हो," तो म्हणाला. "ही पाव किलोच्या वर आहे. सगळ्या नळ्या चोंदल्यात."

त्याने सगळं धुऊन नवीन कूलंट भरलं. बाहेर कुठे भोक दिसत नाही आणि आतूनही काही गेलेलं नाही, असं तो म्हणाला. पाणी कमी का होतं ते त्यालाही सांगता येईना.

घरी आल्यावर बाबांना विचारलं, "हळद टाकलीत तुम्ही?"

"हो. लीक होतं ना, म्हणून टाकली," बाबा म्हणाले. "एकदाच."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तरीच म्हटलं, या महिन्यात तिसरं पाकीट कसं लागलं." मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. बाबा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते, आपलं काही चुकलंय का ते विचारावं की नको अशा चेहऱ्याने. मी टीव्ही लावला आणि आवाज मोठा केला.

चार दिवसांनी माजिवड्याला काटा पुन्हा चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या मागोमाग मीही खाली उतरलो आणि पार्किंगच्या खांबाआड उभा राहिलो. बापावर पाळत ठेवायची वेळ आली म्हणून स्वतःची लाज वाटत होती. बाबांनी बॉनेट उघडलं. रेडिएटरचं झाकण काढलं, आत वाकून पाहिलं, शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि त्यातली हळद आत झटकली. मग झाकण ठेवलं आणि फिरवलं. ते झाकण फिरवताना आधी एका ठिकाणी अडतं. तिथून दाबून आणखी फिरवलं तरच ते खरं बसतं. बाबांनी पहिल्या अडथळ्यापाशीच हात काढला. अशा अर्धवट झाकणातून गाडी तापली की पाणी वाफ होऊन जातं, थोडं बाटलीत चढतं आणि तिथून परत येत नाही. जे बाहेर उडून आजूबाजूला वाळत असेल, ते बाबा रोज फडक्याने स्वच्छ पुसून टाकत होते.

त्यांनी बॉनेट लावलं, काचा पुसल्या, गाडीला एक फेरी मारली आणि पुन्हा पुढे आले. पुन्हा बॉनेट उघडलं. पुन्हा झाकण काढलं. आत वाकून पाहिलं, खिशात हात घातला, पुडी काढली. ती रिकामी होती. बाबांनी ती उलटी केली, सुलटी केली, आणि पिवळी झालेली बोटं कितीतरी वेळ बघत राहिले. मला त्यांच्या चेहऱ्यावर इतकी भीती कधी दिसली नव्हती.

तेव्हा मी पुढे होऊन त्यांचा हात धरायला हवा होता. मी ओरडलो. आयुष्यभर जे करत आलो तेच केलं. "दोन महिने मी गॅरेजं पालथी घालतोय! एक झाकण लावता येत नाही तुम्हाला? एक झाकण?" दुधाच्या पिशव्या घेऊन चाललेले तळमजल्यावरचे काका जागेवर थांबले, वॉचमन खुर्चीतून उठला. मी थांबलो नाही. मी रागावलो होतो खरा, पण झाकणावर नाही आणि बाबांवरही नाही. बहिणीला दाखवायला माझ्याकडे एवढी एकच गोष्ट उरली होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत गेली होती. तिचं खरं होतं. ते कित्येक महिने खरं होतं, आणि मला माझे बाबा परत मिळणार नव्हते.

बाबांनी खांद्यावरचं फडकं काढून त्याची नीट घडी घातली. दोन्ही टाचा जुळवल्या. मान खाली घातली.

"चुकलं, साहेब," ते म्हणाले. "परत नाही होणार."

त्यांनी मला ओळखलं नाही, की माझ्या आवाजातला साहेब त्यांना नेमका ओळखू आला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. काका मान फिरवून लिफ्टकडे गेले. बाबांनी फडक्याला बोटं पुसली, गाडीचा मागचा दरवाजा उघडला आणि तो धरून, नजर जमिनीवर ठेवून, मी बसायची वाट बघत उभे राहिले.

दुसरं काय करावं ते मला सुचेना. मी आत बसलो.