फॅनचा स्विच वर की खाली?

किस्से काही ठरवून जमत नाहीत. जुनी गाडी आणि न झोपणारं बाळ एकाच घरात असलं की आपोआप साठत जातात! माझे तर एकट्या ठाकुर्लीच्या गॅरेजमधलेच ढीगभर झालेत.

बाबांची गाडी माझ्याकडे आली. तिचा फॅन इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा. ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद, की फॅनही मंद, की पाणी उकळलंच! आणि सोमवारपासून माझं ऑफिस सुरू. नऊ महिन्यांची ईरा रोज ठाण्याला आईकडे सोडायची, मध्ये शीळफाट्याचा जॅम. म्हणजे गाडी उकळणार, ईरा रडणार आणि मी दोन्ही करणार!

*

गॅरेजवाले दामूकाका म्हणाले, "इलेक्ट्रिक फॅन टाकू. पाणी तापलं की स्विच फॅन लावंल, गार झालं की बंद करंल."

"आणि स्विचच बिघडला तर?"

"दुसरा टाकू."

"आणि दुसरापण बिघडला तर?"

काकांनी माझ्या कडेवरच्या ईराकडे बघितलं. "काय गो, हिच्या बापालापण लग्नाआधी एवढं विचारलेलंस का?"

*

मग प्रश्न आला, स्विच बसवायचा कुठे?

तिथे एक सर बसलेले असतात. रिटायर्ड, फिजिक्सचे. स्कूटर दुरुस्तीला टाकलीय म्हणून रोज येतात, पेपर वाचतात. ते म्हणाले, "वर. इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरमध्ये शिरतं तिथे. ताप कपाळाला हात लावून बघतात, तळपायाला नाही!"

"खाली," काका म्हणाले. "पाणी गार होऊन निघतं तिथं. तिथंपण गरम लागलं तरच फॅनची गरज. वर लावाल तर फॅन सारखा चालूच राहील!"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मला काय कळतंय! तरी बोललेच, "आमचे डॉक्टर काखेत बघायला सांगतात."

दोघंही वळून रेडिएटरकडे बघायला लागले. काख शोधत!

*

घरी मी अकरा व्हिडिओ बघितले. पाच वर म्हणाले, पाच खाली. अकराव्यात माणूस हिंदीत फक्त सबस्क्राइब करा म्हणत होता.

शेवटी निखिलला, म्हणजे नवऱ्याला विचारलं. तो आयटीवाला. "सिंपल आहे. दोन लाव. एक वर, एक खाली."

मला एकदम पटलं! लगेच काकांना फोन केला.

"जावयाला सांग," काका म्हणाले, "ड्रायव्हरपण दोन बसव!"

*

शेवटी स्विच खालीच बसला. ट्रायलला गाडी जागेवरच चालू ठेवली आणि आम्ही बोनेट उघडून उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तापमानाचा काटा वर चाललेला, फॅन ढिम्म!

माझा धीर सुटला. सवयीने मी खालच्या पाइपला कोपर लावलं, ईराच्या आंघोळीचं पाणी बघते तसं.

"आई गं!" मी ओरडले, आणि त्याच सेकंदाला फॅन सुरू झाला. घूंऽऽ!

"बघा," काका सरांना म्हणाले, "स्विचच्या आधी हिला समजलं. हिलाच बसवू खाली!"

*

सोमवार. शीळफाटा. गाड्या जागच्या हलत नाहीत, काटा चढतोय, मागे कारसीटमध्ये ईरा टिपेला पोचलेली. सरांचं ऐकायला हवं होतं, मीच मूर्ख, नोकरीच कशाला करायची, असं सगळं मनात म्हणून झालं.

आणि घूंऽऽ! लागला! काटा खाली यायला लागला. मी आनंदाने स्टिअरिंगवर थापा मारल्या.

मग लक्षात आलं, मागे आवाज नाही. वळून बघितलं तर ईरा झोपलेली! पाळण्यात, मांडीवर, कुठेच न झोपणारी मुलगी तोंड उघडं टाकून झोपलेली!

दोन मिनिटांनी पाणी गार झालं. फॅन बंद झाला. ईराने डोळे उघडले आणि भोंगा सुरू. परत फॅन लागला, परत गुडूप. ठाण्यापर्यंत हेच!

संध्याकाळी तिला घेऊन थेट गॅरेज गाठलं.

"काका, तो स्विच वर नाही का लावता येणार?"

काका हादरले. "का? फॅन लागला नाय?"

"लागला ना! एकदम वेळेवर."

"मग बंद होत नाय का?"

"होतो ना काका. तोच तर प्रॉब्लेम आहे. बंद झाला की ही उठते!"

सरांची स्कूटर अजून झाली नव्हती. त्यांनी पेपराचं पान उलटलं आणि मान वर न करता म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."