पिंपरी पेंढारची वर्दी

आमच्या कामात आगीच्या निरोपाला वर्दी म्हणतात. वर्दी आली की घंटा द्यायची, गावाचं नाव चिठ्ठीवर लिहून ड्रायव्हरच्या हातात ठेवायचं आणि बंब गेटाबाहेर पडला की रजिस्टरात वेळ टाकायची. हे माझं काम. मी स्वतः कधी आग विझवली नाही. नव्वदीच्या सुरुवातीला टेलिफोनवर लागलो आणि त्याच खुर्चीत केस पांढरे झाले. आमचं केंद्र पुणे-नाशिक रस्त्याला लागून होतं, जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतल्या वर्द्या आमच्याकडं यायच्या.

खुर्चीत बसलो तरी हात गप्प नसायचे. बोटं टेबलावर वाजत राहायची. हे वेड मला चुलत्यांनी लावलं. ते फौजेच्या बँडमधून पेन्शनवर आले, आणि येताना ट्रंकेत कपडे कमी आणि ड्रमच्या काड्या जास्त घेऊन आले. विहारासमोरच्या पटांगणात त्यांनी आम्हा पोरांना ओळीत उभं केलं. आधी वर्षभर वाजवू दिलं नाही, नुसतं चालायला लावलं. डावा, उजवा, डावा. म्हणायचे, "लग्नातला बाजा माणसाला नाचवतो. फौजेचा बाजा माणसाला ताठ उभं करतो." ज्या रस्त्यावरून आमचे आजोबा मान खाली घालून गेले, त्याच रस्त्यानं जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही पांढऱ्या पँटी घालून, पावलाला पाऊल जुळवून जायचो, तेव्हा ते काय म्हणत होते ते कळायचं.

चुलते गेल्यावर पथक माझ्याकडं आलं. सोळा जण. एक शिंपी, दोन गवंडी, एक कंडक्टर, बाकी शेतावरचे. ड्युटी सुटली की तालीम, तालीम सुटली की ड्युटी. रविवारी लग्नाची सुपारी असली की मी दुसऱ्याची रात्रपाळी करून दिवस मोकळा करून घ्यायचो. बायको म्हणायची, "फोन वाजला तरी तुमी त्याच्यावर ठेका धरत असाल." मी हसायचो. तसं कधी झालं नव्हतं.

मग ते वर्ष आलं. जयंतीच्या दिवशी माझ्याऐवजी बसणार होता त्या सोबत्याची मुलगी तापानं फणफणली, आणि साहेबांनी दुसरा माणूस द्यायला नकार दिला. एप्रिल म्हणजे आमचा आगीचा महिना, कडब्याच्या गंज्या आणि गोठे वाळून खडखडीत झालेले असतात. साहेबांची चूक नव्हती. मी फोनवर बसलो आणि माझ्या जागी पुढं शिंपी चालला.

साडेचारच्या सुमारास मिरवणूक आमच्या रस्त्याला लागली. मी दारात उभा होतो. पथक केंद्रासमोर आलं आणि शिंप्यानं काडी उचलून सगळ्यांना थांबवलं. सोळाच्या सोळा जण टाचेवर वळून माझ्याकडं तोंड करून उभे राहिले. माझ्यासाठी. मग त्यांनी चुलत्यांची चाल धरली, फौजेतून त्यांनी कानात भरून आणलेली. इतकी वर्षं मी ती पोरांकडून घासून घेत होतो आणि कधी पुरती साधली नव्हती. त्या दिवशी साधली.

आणि फोन वाजला.

मी आत धावलो. एक बाई होती, धापा टाकत होती. "आग लागलीय वो, गोठा पेटलाय! जनावरं आत हायेत!"

"गाव कुठलं?"

तिनं सांगितलं. मला फक्त "पिंप" ऐकू आलं, पुढचं मोठ्या ढोलाखाली गेलं.

"कुठलं? परत सांगा!"

तिनं परत सांगितलं. मी दुसऱ्या कानात बोट घातलं. तिसऱ्यांदा ती किंचाळली. समोर खिडकी होती. खिडकीतून मोठा ढोलवाला माझ्याकडं बघून हसत होता. मी नुसता हात वर केला असता तर ते थांबले असते. पथक मीच शिकवलेलं, माझ्या हाताकडं बघायची त्यांना सवयच होती.

मला सुचलं नाही असं नाही. हात टेबलावरून उचलला गेला, छातीपर्यंत आला आणि परत खाली गेला. चाल शेवटाला आली होती. अजून थोडंच राहिलंय, एवढं संपू दे, असं मनात आलं. ते खरंच असं शब्दांत आलं. तेवढ्यात फोन कट झाला.

आमच्या दोन तालुक्यांत पिंपऱ्या आणि पिंपळगावं किती आहेत ते मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. दोन दिवसांपूर्वी आंबेगावातल्या पिंपळगावात ऊस पेटल्याची वर्दी होती. तेच नाव हाताला आलं आणि मी चिठ्ठीवर 'पिंपळगाव' लिहिलं. बंब दक्षिणेकडं गेला.

पाऊण तासानं दुसरा फोन आला. दूध डेअरीतून कुणी पुरुष बोलत होता. "बंब कुठंय राव? इथं समदं जळून चाललंय. पिंपरी पेंढार!"

ते उत्तरेला, आळेफाट्यावरून ओतूरच्या बाजूला. बंबावर तेव्हा वायरलेस नव्हता. मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. पिंपळगावात काहीच पेटलं नाही म्हटल्यावर बंब परत आला, तेव्हा मी दोन्ही हात वर करून तो अडवला.

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "आरं, तिथं चूलसुदिक पेटलेली नाय!"

"पिंपरी पेंढारला जा," मी म्हणालो. "बाईनं गाव चुकीचं सांगितलं."

या वाक्याचा मी आधी विचार केला नव्हता. ते आपोआप तोंडातून आलं, आणि एकदा आल्यावर माझंच झालं. संध्याकाळी साहेबांनी विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं. रजिस्टरात माझ्या अक्षरात लिहिलं: फोन करणाऱ्या महिलेनं घाबरून गावाचं नाव चुकीचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर चहा पिताना सगळं सांगत होता. गोठा आणि शेजारची खोली राहिली नव्हती. बैल सुटले, पण गाभण गाय दाव्यालाच गेली. तिला सोडवायला घरातली म्हातारी आत शिरली, तिचे हात कोपरापर्यंत भाजले.

"गाववाले आमाला घेरायला आले व्हते," तो म्हणाला. "मी म्हणलो, आमच्यावर कशाला येता? तुमच्याच माणसानं पिंपळगाव सांगितलं. मंग समदे फोन केलेल्या सुनेकडं वळले. नवीन हाय ती, तळेघरच्या अंगाची. सासरा म्हणला, डोंगरातली येडी, हिला सासरच्या गावाचं नाव बी सांगता येईना."

"ती काय म्हणाली?"

"काय म्हणती? म्हणली, मी बरूबर सांगितलं. कोण ऐकतंय?"

मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "हो का." एवढंच म्हणालो.

त्यानंतर मी प्रत्येक वर्दीला गावाचं नाव तीनदा विचारायचो, तालुका विचारायचो, जवळची खूण विचारायचो. खिडकी लावून घ्यायचो. एकदा नवीन माणूस आला तेव्हा साहेब त्याला म्हणाले, "फोन कसा घ्यायचा ते यांच्याकडून शिक." मी त्याला शिकवलं. पथक सोडलं का? नाही. पुढच्या जयंतीची रजा मी तीन महिने आधी टाकली आणि पुढं चाललो. फक्त चुलत्यांची चाल घेऊ दिली नाही. पोरांनी कारण विचारलं तर म्हणालो, अजून कच्ची आहे.

मध्ये आठ वर्षं गेली. पिंपरी पेंढारच्या लग्नाची सुपारी आली आणि ती कंडक्टरनं मला न विचारता घेऊन टाकली. मी आजारी पडायचं ठरवलं होतं. शेवटी गेलो. नवरदेव मारुतीच्या पारावरून मांडवात आणला, अक्षता पडल्या, आणि आम्ही पथकवाले कडेच्या सतरंजीवर जेवायला बसलो. तेवढ्यात वाढणाऱ्यांपैकी एकानं हाक मारली, "ए पिंपळगाव! हिकडं पाणी आण."

पाण्याचा जग घेऊन तिशीतली एक बाई आली. वाकून पाणी वाढलं आणि पुढं गेली. मी शेजारच्या पाहुण्याला विचारलं, "पिंपळगावच्या का त्या?"

तो हसला. "न्हाई वो. मागं त्यांच्या गोठ्याला आग लागली तवा हिनं बंबाला पिंपळगावला धाडलं. तवापास्नं तेच नाव पडलंय."

पंगतीत चारपाच जण हसले. मीही हसलो. हे सांगताना आज सगळ्यात जास्त लाज वाटते ती या हसण्याची.

जेवण उतरेना. मांडवामागं पाण्याची टाकी होती, तिथं ती जग भरत होती. मी गेलो आणि उभा राहिलो. कसं सुरू करायचं ते ठरवलं नव्हतं.

"ताई, तुम्ही फोन केला होता तेव्हा तो मी घेतला होता."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. नळ चालू होता.

"तुम्ही गाव बरोबर सांगितलं. मला ऐकू आलं नाही. मी चुकीचं लिहिलं आणि खापर तुमच्यावर फोडलं."

"तीनदा सांगितलं व्हतं मी," ती म्हणाली.

"हो."

"मागं बाजा वाजत व्हता."

"हो. आमचाच."

आता तिनं मान वर करून माझा लाल कोट, पितळी बटणं, खांद्यावरची दोरी असं सगळं पाहिलं. मला वाटलं, ती शिव्या देईल. मला त्या हव्याही होत्या. पण ती जग उचलून म्हणाली, "हे मला कशाला सांगताय? मला म्हाईतच हाय. सासूला सांगा."

त्याच वेळी शिंप्यानं हाक मारली, वरात निघायची होती. मी गेलो. वरात वाजवली. त्या दिवशी सासूला सांगितलं नाही.

आठ दिवसांनी एकटाच एसटीनं गेलो. म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत होती. चोळीच्या बाह्या वर होत्या, आणि दोन्ही हातांची कातडी कोपरापर्यंत आवळून चकचकीत झालेली होती. सून पिठाचं पातेलं घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. मी सगळं सांगितलं. मिरवणूक, खिडकी, हात वर करून खाली घेतला ते, रजिस्टरात लिहिलं ते.

म्हातारी शेंगा फोडत राहिली. मग सुनेला म्हणाली, "आगं मंग तू तवा बोलली का नाय?"

"बोलले व्हते," सून म्हणाली. "तुमी म्हणलात, गप बस."

म्हातारीचे हात थांबले. मग तिनं माझ्याकडं बघितलं. "गाय माझ्या हाताखाली वाढलेली व्हती. तिच्या आईला बी मीच वाढवली व्हती. ह्या पोरीला मी आठ वर्सं काय काय बोलले, ते तुमी काय भरून देनार?"

तिनं शेंगांची टोपली बाजूला सारली.

"डेअरीत जा," ती म्हणाली. "दुधाच्या टायमाला समदे असतात. तितं सांगा."

संध्याकाळपर्यंत थांबलो. डेअरीत किटल्या घेऊन पंचवीसतीस माणसं उभी होती, सासराही होता. मी मोठ्यानं सांगितलं. बहुतेकांनी ऐकून किटल्या पुढं सरकवल्या. एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी, बाजासाटी?" मी म्हणालो, हो. सासरा म्हणाला, "पावणं, झालं ते झालं. जुनं कशाला उकरता?" आणि त्यानं दुसरीकडं तोंड वळवलं. मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

साहेब तोवर बदलले होते. नव्या साहेबांना मी लिहून दिलं. जुनं रजिस्टर अडगळीत होतं, ते शोधून आणलं आणि त्या नोंदीखाली खरं काय ते लिहून सही केली. माझ्या सर्व्हिस बुकात ठपका बसला. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईला आठ वर्सं काडायला लावलीत."

ड्रायव्हरची मेव्हणी त्या गावात दिलेली. वर्षभरानं मी त्याला विचारलं, अजून तिला तसं म्हणतात का.

"म्हणत्यात की," तो म्हणाला. "तोंडाला सवय लागलीय लोकांच्या. सासू तेवढी नावानं हाक मारती आता. दुसऱ्या कोणी म्हणलं तर भांडाय उठती."

एप्रिल जवळ आला होता. पोरांनी तालमीला चुलत्यांची चाल घ्यायची का म्हणून परत विचारलं, आणि मी घ्या म्हणालो. त्यांनी वाजवली. चांगली वाजवली, आणि मला ती आवडली. हेही लिहून ठेवतो.