दादामास्तरांनी मागितलेलं पाणी

माझा देवावरचा विश्वास उडाला होता असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी देवावर रुसलो होतो, एवढंच. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. बायकोला लकवा झाला तेव्हा मी देवाला तोंडावर सांगून टाकलं की आता तुझं नि माझं काही नातं नाही. अलिबागच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पहिले काही महिनेच महत्त्वाचे, आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा, नाहीतर उजवा पाय कायमचा जाईल. आणि नेमकी त्याच महिन्यात आमची वाट बंद झाली.

ती का बंद झाली, हे सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. नागावात आमचं घर नारळ-सुपारीच्या वाड्यांच्या मागच्या अंगाला आहे, आणि रस्त्यावर यायची वाट प्रकाशच्या वाडीतून जाते. प्रकाश वयाने माझ्या मुलासारखा. नवी मुंबईत ट्रकच्या धंद्यात त्याने चार पैसे केले, वाडी विकत घेतली, पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. त्याच्या पाहुण्यांच्या गाड्या वाटेत उभ्या राहायच्या, त्यावरून आमची जुंपली. भांडण साधंच होतं. पण माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की सुटला. चार पाहुण्यांदेखत मी त्याला म्हणालो, "तुझ्या आज्याला आमच्या विहिरीची पायरी चढायची मुभा नव्हती, आणि तू मला वाट शिकवतोस?" त्यावर प्रकाश पाहुण्यांना घेऊन आत गेला. आठवडाभरात वाटेवर चिऱ्यांचा गडगा उभा राहिला आणि लोखंडी फाटकाला कुलूप लागलं.

दारात रिक्षा येईना. बायकोला खुर्चीत बसवून दोन गडी मागच्या ओहोळातून उचलून न्यायचे. एकदा खुर्ची कलली, ती पडली, आणि त्यानंतर तिने जायचं नावच टाकलं. दोन आठवडे व्यायाम चुकला. तलाठ्याकडे गेलो तर सातबाऱ्यावर वाटेची नोंदच नाही. मग मात्र मी डोक्यात राख घालून घेतली. खाडीपलीकडे दिघीला माझ्या ओळखीचा एक जण होता, त्याचा जेसीबीचा धंदा. त्याला घेऊन यायचं आणि भर दुपारी गडगा पाडायचा, मग जे व्हायचं ते होवो, असं ठरवून मी निघालो.

आगरदांड्याच्या धक्क्यावर फेरीबोट काही येईना. कुणी म्हणे ओहोटी, कुणी म्हणे इंजिन. बाकावर शेजारी एक म्हातारी बसली होती, ऐंशीच्या पुढची, नऊवारी नेसलेली. मी एकटाच पुटपुटत होतो, ते बहुतेक तिने ऐकलं असावं. गाव विचारलं. नागाव म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. तिचं माहेर नागावचं, आणि ती निघाली दादामास्तरांची मुलगी.

आमच्या गावात दादामास्तर कोण हे शाळेतलं पोरही सांगेल. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली तरी पलीकडच्या वस्तीतल्या घरांना गोड्या विहिरीवर बंदी होती. दादामास्तर त्याच वस्तीतले, शेजारच्या गावात शिक्षक. हात न उगारता, कुणाला उलट शब्द न बोलता त्यांनी ती विहीर सगळ्यांना खुली करून घेतली. शाळेत त्यांचा फोटो आहे, दरवर्षी विहिरीवर कार्यक्रम होतो, मी भाषणं ऐकून टाळ्याही वाजवल्या आहेत. पण त्यांनी नेमकं केलं काय, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. त्या दिवशी मात्र जेसीबी बाजूला राहिला आणि मी तिला एकामागून एक विचारत सुटलो.

तिने सांगितलं ते असं. विहिरीला कुलूप घालणाऱ्या घराच्या दारापुढच्या खळ्यात दादामास्तर रोज सकाळी शाळेला जाताना उभे राहायचे आणि म्हणायचे, तहान लागली आहे, पाणी मिळेल का? आपल्याकडे दारी आलेल्याच्या हातावर आधी गूळ-पाणी ठेवतात, काम मागाहून विचारतात. कुणाही पाहुण्याला मिळतं तेवढंच ते मागत होते. रोज शिव्या मिळायच्या. एकदा अंगावर कुत्रं सोडलं. ते हात जोडायचे, उद्या येतो म्हणायचे आणि निघायचे. पावसाळा गेला, थंडी गेली. एके दिवशी त्या घरची म्हातारी पोराला बाजूला सारून बाहेर आली आणि तिने घरातल्या पितळी तांब्याने त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. त्याच आठवड्यात विहीर खुली झाली.

मी विचारलं, त्यांना राग नाही यायचा? ती हसली. "चिडायचे तर! घरी आले की लाकडं फोडायला घ्यायचे. आमच्याकडं लाकडांना कधी तोटा न्हवता."

मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो फोटोतला माणूस माझ्यासारखा वाटला. मी सहज विचारलं, घर कुणाचं होतं ते? तिने माझं आडनाव विचारलं, आजोबांचं नाव विचारलं.

"मग तुमचंच घर ते," ती म्हणाली. "पाणी दिलं ती तुमची पणजी व्हय."

आमच्या घरात असं सांगत की कुलूप गावाने घातलं होतं, आजोबांनी तर मोठ्या मनाने विहीर खुली केली. बोट लागली, ती आधार घेत चढली. मी चढलोच नाही. मुरूडची गाडी पकडून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी हमरस्त्याने वळसा घालून प्रकाशच्या दारात गेलो आणि पाणी मागितलं. ओटीवर त्याची आई होती. तिने मला नीट बघून घेतलं, आत गेली, दार लावलं. मी हात जोडले, उद्या येतो म्हणालो. असे चार दिवस गेले. खरं सांगायचं तर मी मनात हिशेबच करत होतो, दादामास्तरांना इतके महिने लागले, मला किती लागतील?

चौथ्या दिवशी परत आलो तर बायको खाटेवरून माझ्याकडे एकटक बघत होती. रोज काय घडतं ते मी तिला सांगायचो. तिची जीभ अजून जड होती, एकेक शब्द जुळवून बोलायची. तिने माझ्या खांद्यावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बोट केलं. ड्यूटीवरची सवय, बाटलीशिवाय मी घराबाहेर पडत नाही. आणि मला आठवलं, रोज दार लागलं की मी त्यांच्याच पायरीवर टेकून त्याच बाटलीतलं पाणी पीत होतो.

"अहो," ती म्हणाली, "त्यांना वाटलं असेल... आमचं पाणी यांना चालत नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पाणी मागायला जाऊन मी रोज त्या माउलीच्या डोळ्यांदेखत तेच जुनं करत होतो.

पाचव्या दिवशी रिकाम्या हातांनी गेलो. वैशाखातली दुपार, घशाला कोरड पडलेली. प्रकाश समोरच होता. त्याला म्हणालो, "वाटेसाठी आलो नाही. तुझ्या आज्याला पाणी नाकारलं ते माझ्या घराने. ते पाप आमचं, आणि मी ते तुझ्या तोंडावर फेकलं. माझं चुकलं." घरून घोकून आणलेलं बाकी सगळं मी विसरून गेलो होतो. थोड्या वेळाने त्याची आई तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली. ओंजळीतलं अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. तिने पुन्हा ओतलं. दुसरीकडे बघत प्रकाशने विचारलं, "काकी कशी आहे?" आणि मी, तीस वर्षं कुणाला न जुमानलेला माणूस, त्याच्या ओटीवर बसून हमसून हमसून रडलो.

वाटेचं मी तोंडातून काढलं नाही. घरी येऊन बायकोला तसं सांगितलं. ती म्हणाली, बरं केलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाडीचा हॉर्न वाजला. प्रकाश स्वतःची गाडी घेऊन आला होता, काकीला अलिबागला न्यायला. वाडीतून जाताना पाहिलं तर फाटक नुसतं उघडलेलं नव्हतं. बिजागऱ्यांतून काढून ते माडाला टेकवून ठेवलं होतं.

आज बायको काठी टेकत चालते. रोज सकाळी प्रकाशच्या आईकडे जाऊन बसते, दोघींच्या काय गप्पा चालतात त्या मला कळत नाहीत. त्या दिवशी बोट वेळेवर आली असती तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करतो. बोट कुणी थांबवली, त्या बाकावर तिलाच कुणी बसवलं, हे मला सांगता येणार नाही. वाट मी भांडून मागितली, कायद्याने मागितली, दादामास्तरांची नक्कल करूनही मागितली. ज्या दिवशी मागायची राहिली, त्या दिवशी ती मिळाली. यात माझं काय होतं ते शोधायला जातो, पण हाती काही लागत नाही. मग हात जोडतो आणि गप्प बसतो.